सगळे एकदम बोलू लागले की

वैशाख शुद्ध चतुर्दशीला, नृसिंह जयंतीच्या संध्याकाळी, नीरा नरसिंहपूरचा घाट माणसांनी भरून जातो. महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांचं हे कुलदैवत. इंदापूर तालुक्याच्या पार टोकाला, नीरा आणि भीमा मिळतात तिथे हे गाव आहे. नीरेपलीकडे माळशिरस आणि भीमेपलीकडे माढा, म्हणजे दोन्हीकडचे पलीकडचे काठ सोलापूर जिल्ह्याचे. एवढ्या गर्दीत चुकामूक होतेच आणि मग जो तो खिशातून फोन काढतो. कांड्या पूर्ण दिसतात, फोन मात्र लागत नाही. रेंज फुल असून फोन का लागू नये, हा प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तर फारसं कुणी देत नाही.

कांड्या सांगतात ते इतकंच, की टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती जोरात येतो आहे. आपला आवाज टॉवरपर्यंत पोचतो की नाही, हे त्या सांगत नाहीत. टॉवरकडून फोनकडे येताना बोलणारा एकच असतो; कुणाशी कधी बोलायचं हे तो स्वतः ठरवतो. उलट दिशेला, म्हणजे अपलिंकला, हजारो फोन एकाच टॉवरकडे बोलू पाहतात आणि बहुतेक वेळा एकाला दुसऱ्याचा पत्ताही नसतो. दोघांच्या लहरी एकाच क्षणी, एकाच फ्रिक्वेन्सीवर पोचल्या की एकमेकींवर चढतात. त्या वेगळ्या कशा काढायच्या, की मुळात चढूच द्यायच्या नाहीत, यावर अभियंत्यांमध्ये अर्ध्या शतकापासून दोन तट आहेत.

ते दोन तट मी इथे एका मामाच्या आणि त्याच्या भाचीच्या तोंडी घातले आहेत. मामा दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले अभियंते. भाची इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, उसाच्या शेतात जमिनीतला ओलावा मोजणारे सेन्सर बसवणारी. दोघंही कल्पनेतली आहेत, त्यांचा वाद मात्र खरा आहे.

मामा: अगं, यात वाद घालण्यासारखं काय आहे? पाळी ठरवून द्यायची. आपल्या नीरा डाव्या कालव्याला शेजपाळी असते ना, तसंच. कुणाचं दार कधी उघडायचं, किती तास पाणी घ्यायचं, हे आधी ठरलेलं असतं. ते मोडलं की काय होतं ते टेलच्या इंदापूरकरांना विचार. वरच्या अंगाला पाट फोडतात आणि खालच्याची उभी पिकं वाळतात.

भाची: शेजपाळी चालते मामा, कारण कालव्यावर कोण कोण आहे याची यादी कार्यालयात असते. पाणीमागणीचा अर्ज भरलेला असतो, क्षेत्र लिहिलेलं असतं. घाटावर आत्ता फोन काढणाऱ्या बाईचं नाव टॉवरच्या यादीत नसतं. ती बोलणार आहे हेच टॉवरला माहीत नाही, मग पाळी कुणाला देणार?

मामा: मागेल तिला.

भाची: आणि मागणार कशी? मागायलाही आधी बोलावंच लागतं. ते पहिलं बोलणं पाळीविनाच होणार.

इथे मी मध्ये बोलतो. भाचीने जिथे बोट ठेवलं आहे, तिथूनच ही विद्या सुरू झाली. १९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची टर्मिनलं रेडिओने एका मध्यवर्ती संगणकाला जोडली. सगळ्यांची संगणकाकडे जाणारी फ्रिक्वेन्सी एकच होती. नियम साधा होता: सांगायचं असेल तेव्हा सांगा, पोच आली नाही तर थोडं थांबून पुन्हा सांगा, किती थांबायचं ते नशिबावर सोडा. याला ‘अलोहा’ म्हणतात. हिशेब केल्यावर दिसलं की या पद्धतीत वाहिनीच्या एकूण वेळातला फार तर १८ टक्के वेळ खऱ्या कामी येतो. बाकीचा टकरींमध्ये आणि शांततेत जातो. पुढच्याच वर्षी लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी सुचवलं की सगळ्यांनी घड्याळाच्या ठोक्यावरच बोलायला सुरुवात करावी. मग दोन संदेश अर्धेमुर्धे एकमेकांवर चढण्याचा प्रश्न मिटतो. चढले तर पूर्ण चढतात, नाहीतर अजिबात नाही. तेवढ्यानेच तो आकडा दुप्पट, सुमारे ३७ टक्के झाला. तुमच्या-माझ्या फोनचा टॉवरशी होणारा पहिला संपर्क आजही याच कुळातला आहे.

मामा: बघ, ठोक्यावर बोलायची नुसती शिस्त लावली आणि काम दुप्पट झालं. माझंच म्हणणं सिद्ध झालं. आणि ती शिस्तही सोपी नाही बरं का. समज, एक फोन टॉवरपासून अर्ध्या किलोमीटरवर आहे आणि दुसरा नीरेपलीकडे साडेतीन किलोमीटरवर. दोघंही टॉवरचा ठोका ऐकून बोलायला लागतात. पण लांबच्याला ठोकाच उशिरा ऐकू येतो आणि त्याचं उत्तरही उशिरा पोचतं. तीन किलोमीटरचा फरक जाऊन-येऊन सहा किलोमीटरचा होतो, म्हणजे २० मायक्रोसेकंदांचा. ४जीमध्ये एका चिन्हामागे, म्हणजे संदेशाच्या एका तुकड्यामागे, उशिराची सवलत किती? सुमारे पावणेपाच मायक्रोसेकंद. म्हणजे लांबच्याचं बोलणं सरळ शेजारच्याच्या वेळेत घुसणार. म्हणून टॉवर प्रत्येक फोनला सांगतो, तू इतका आधी बोल. अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या पायरीने सांगतो, अंतरात धरलं तर अठ्ठ्याहत्तर मीटरची पायरी. फोन घेऊन माणूस घाटावरून देवळाकडे चालत गेला तर हा आकडा बदलू शकतो. इतकी बारीक पाळी सांभाळली जाते म्हणून एका टॉवरवर शेकडो जण बोलू शकतात.

भाची: हे सगळं मला मान्य आहे. पण तो ‘इतका आधी बोल’ हा निरोप टॉवर कधी देतो? पहिली हाक ऐकल्यानंतर. त्या पहिल्या हाकेत काय होतं ते बघू. ४जीमध्ये टॉवरजवळ ६४ खुणा असतात. काही राखीव असतात, साधारण ५४ सगळ्यांसाठी मोकळ्या. फोन त्यातली एक डोळे मिटून निवडतो आणि पाठवतो. टॉवर म्हणतो, अमुक खूण ऐकली. तू इतका आधी बोल आणि अमुक जागी आपली ओळख सांग. आता दोन फोनांनी एकच खूण निवडली असेल तर?

मामा: दोघंही समजतात, उत्तर आपल्यालाच आलं.

भाची: आणि दोघंही एकाच जागी, एकाच वेळी ओळख सांगतात. तिथे खरी टक्कर होते. नशीब चांगलं असेल तर जोरातल्याचं ऐकू येतं, नाहीतर दोघांचंही वाया जातं. एका क्षणी दहा जणांनी हाक दिली, तर त्यात कुठल्यातरी दोघांची खूण सारखी निघण्याची शक्यता ५९ टक्के आहे. तरी प्रत्येकाच्या वाट्याला आलेला धोका १५ टक्केच, म्हणून चालून जातं. पन्नास जणांनी एकदम हाक दिली की तोच धोका ६० टक्क्यांवर जातो. मग ज्यांचं चुकलं ते पुन्हा हाक देतात, नव्यांच्या जोडीला. शिवाय माणूस चिडून लाल बटण दाबतो आणि पुन्हा हिरवं दाबतो. ती आणखी एक हाक. जयंतीच्या संध्याकाळी फोन लागत नाही तो असा.

मामा: त्यालाही उपाय आहे. टॉवर फोनांना सांगू शकतो, टक्कर झाली तर इतका वेळ थांबा. त्याहून पुढे जाऊन, काही वर्गांना काही काळ हाकच देऊ नका, असंही सांगू शकतो. पोलीस, रुग्णवाहिका, आपत्ती व्यवस्थापन यांचे वर्ग वेगळे ठेवता येतात. गर्दीत सगळ्यांना सारखं मोकळं सोडणं म्हणजे न्याय नव्हे.

मामांचा हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण गर्दी नेहमी माणसांचीच असते असं नाही. नीरा-भीमेच्या काठाने विद्युतपंपांच्या रांगा आहेत आणि त्यातल्या अनेकांवर आता मोबाईल स्टार्टर बसले आहेत. घरातून फोन करायचा, मोटर चालू करायची. तीन फेजची लाईट आली की स्टार्टर मालकाला तसा निरोप पाठवतो. रात्री दोन वाजता फीडरवर लाईट येते तेव्हा त्या फीडरवरचे सगळे स्टार्टर एकाच क्षणी जागे होतात आणि सगळ्यांना एकच गोष्ट सांगायची असते. माणसांची हाक निदान विखुरलेली असते. एक बोलायचं ठरवतो तोवर दुसऱ्याचं बोलून होतं. यंत्रं घड्याळ लावल्यासारखी एकत्र उठतात. मोबाईलची जागतिक मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपी या संस्थेने हा प्रश्न अभ्यासायला घेतला तेव्हा एका टॉवरखाली ३०,००० यंत्रं धरली होती. ती मिनिटभरात विखरून बोलली तर काय होतं हे एका बाजूला तपासलं आणि दहा सेकंदांत एकवटून बोलली तर काय होतं हे दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाबतीत पहिल्या हाकेची व्यवस्था कोलमडते. म्हणूनच पुढे तातडी नसलेल्या यंत्रांना गर्दीत मागे थांबवण्याची तरतूद मानकात आली.

भाची: मग मी माझ्या सेन्सरांचं सांगते. त्यांना पाळी द्यायची तर दर थोड्या वेळाने जागं होऊन टॉवरचं ऐकावं लागेल आणि ऐकण्यातच बॅटरी संपेल. एका बॅटरीवर हंगाम नव्हे, काही वर्षं काढायची असतात. म्हणून ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात लोरा हे कमी बॅटरीत लांब पोचणारं रेडिओ तंत्र वापरायचं. सेन्सर उठतो, ओलावा सांगतो, झोपतो. कुणाला विचारत नाही. सरळ अलोहा.

मामा: आणि टकरी?

भाची: हिशेब करा ना. पाचशे सेन्सर, प्रत्येकाचा पंधरा मिनिटांनी एक संदेश, एकच वाहिनी. वेगवान पद्धतीत संदेशाला ६० मिलिसेकंद लागतात. शंभरातले ९३-९४ संदेश टक्कर न होता पोचतात. राहिलेल्या सहांनी ऊस वाळत नाही. पंधरा मिनिटांनी पुढचा आकडा येतोच.

मामा: वेगवान पद्धत जवळच्याला. लांबच्या सेन्सरचं ऐकू येत नाही म्हणून तुम्ही त्याला सावकाश बोलायला लावता, बरोबर? तेव्हा किती वेळ लागतो?

भाची: …दीड सेकंद.

मामा: मग तोच हिशेब पुन्हा मांड. पाचशेच सेन्सर, पंधराच मिनिटं. सगळे सावकाश बोलले तर शंभरातले एकोणीस पोचतील. म्हणजे तुमच्या मोकळ्या कारभारात तोटा पुन्हा टेलच्याच माथी. तोच जास्त वेळ बोलतो आणि त्याचंच जास्त चुकतं.

भाची: सगळे सावकाश बोलत नाहीत मामा. वाहिन्या तीन-चार करता येतात, आणि वेगवेगळ्या वेगांनी बोलणारे एकमेकांना फारसे नडत नाहीत. मधे सेन्सरांचं ऐकणारा आणखी एक गेटवे उभा केला की लांबचा जवळचा होतो. मी टकरी शून्यावर आणायचं म्हणतच नाही. परवडतील इतक्या होऊ द्या, एवढंच माझं म्हणणं आहे.

या वादाचा निकाल आपल्याच पुणे जिल्ह्यात एकदा दोन्ही बाजूंनी लागलेला आहे. भारतीय हवामान खात्याच्या स्वयंचलित हवामान केंद्रांचे आकडे उपग्रहामार्गे पुण्यातल्या भूकेंद्रावर येत. केंद्रं देशभर पसरलेली. केरळातल्या केंद्राला आसामातलं केंद्र काय बोलतं आहे हे ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय ही यंत्रं फक्त पाठवणारी. निरोप पोचला की नाही हे त्यांना कधीच कळत नसे. २००६-०७ मध्ये उभारलेल्या १२५ केंद्रांना पाळी दिलेली नव्हती. तासाभरातल्या नेमून दिलेल्या काही मिनिटांत तोच संदेश तीनदा, अनियमित अंतराने पाठवायचा, अशी पद्धत होती. तीनही वेळा टक्कर होण्याची शक्यता कमी, एवढ्याच भरवशावर. त्यानंतर ५५० केंद्रांचं जाळं उभं राहिलं तेव्हा मात्र प्रत्येकाला स्वतःचा स्लॉट मिळाला आणि घड्याळ जीपीएसवरून लावलेलं. केंद्रं कमी होती तेव्हा नशिबावर भागलं. वाढली तेव्हा पाळी लावावी लागली. दोन्ही निर्णय आपापल्या वेळी बरोबरच होते, असं माझं मत आहे.

भाची: पण मामा, टक्कर झाली म्हणजे सगळं गेलं, हे तुमच्या काळातलं झालं. आता ऐकणारा हुशार झाला आहे. दोघांचं बोलणं एकावर एक आलं तर टॉवर आधी जोरातलं ओळखतो, ते जसंच्या तसं पुन्हा तयार करून मूळ लहरीतून वजा करतो आणि उरलेल्यातून हळूवालं ऐकतो. ५जीच्या टॉवरवर ३२ नाहीतर ६४ अँटेनाशाखा असतात. देवळाकडून आलेलं आणि नदीपलीकडून आलेलं बोलणं एकाच क्षणी, एकाच फ्रिक्वेन्सीवर असलं तरी दिशेवरून वेगळं काढता येतं. मग पाळीचा अट्टाहास कशाला? बोलू द्या एकदम.

मामा: देवळाकडून आणि नदीपलीकडून, ठीक. पण जयंतीला माणसं कुठे असतात? घाटावर, खांद्याला खांदा लावून. एकाच दिशेला. तिथे तुझ्या चौसष्ट अँटेना काय वेगळं करणार? आणि वजाबाकीचं म्हणशील तर जोरातलं बोलणं हुबेहूब ओळखता आलं तरच ती जमते. जरा चूक झाली की उरलेल्यात त्याचाच कचरा राहतो आणि हळूवाला त्यात बुडतो. ३जीमध्ये सगळे एकदमच बोलायचे ना? तिथे प्रत्येक फोनला सेकंदात १५०० वेळा सांगावं लागायचं, आवाज वाढव, आवाज कमी कर. का? जवळचा लांबच्याला दाबू नये म्हणून. म्हणजे तुझ्या एकदम बोलण्यालाही पाळीइतकीच कडक शिस्त लागते, फक्त ती वेळेची नसून आवाजाची असते.

भाची: हे मात्र खरं.

मामा: आणि एक सांगतो. कधीकधी एकाच फोनला दोन गोष्टी एकाच क्षणी सांगायच्या असतात. टॉवरकडून आलेल्या माहितीची पोच द्यायची असते आणि स्वतःचा डेटाही पाठवायचा असतो. दोन्ही वेगवेगळ्या वाहिन्यांवर, पण वेळ एकच. दोन्ही एकदम पाठवले तर लहरीची शिखरं उंच होतात आणि छोट्या फोनच्या अँप्लिफायरला ती झेपत नाहीत. म्हणून मानक म्हणतं, पोचेचे दोन-चार बिट डेटाच्या पोटात घाल आणि एकच काय ते पाठव. २०२०च्या सुमाराला ठरलेल्या ५जीच्या सुधारणेत पुढची पायरी आली: दोन्हींना अग्रक्रम दिलेला असेल तर वरचा जाईल, खालचा सोडून दिला जाईल. एवढंच नव्हे, एकाच्या तातडीच्या निरोपासाठी दुसऱ्याचं चालू असलेलं पाठवणं टॉवर थांबवूही शकतो.

भाची: आणि थांबवलेला कोण असतो? घाटावरून आजीला आरती दाखवणारा नातू. तातडी कशाला म्हणायचं हे कोण ठरवणार? कंपनीच ना? ज्याने जास्त पैसे भरले त्याची तातडी मोठी, असं उद्या झालं तर? कालव्यावर निदान तक्रार करायला कार्यालय आहे.

मामा: म्हणून काय पुराच्या रात्री आरतीचा व्हिडिओ आधी जाऊ द्यायचा?

भाची: नाही. पण काय थांबवलं जाणार आहे आणि कशासाठी, हे लोकांना आधी सांगायला हवं.

पुराच्या रात्रीचा उल्लेख मामांनी सहज केला, पण नरसिंहपूरसाठी तीच खरी कसोटी आहे. नीरेवर वीर धरण, भीमेवर उजनी. दोन्हीकडून एकाच वेळी विसर्ग सुटला की ते पाणी संगमावर एकत्र येतं आणि पुढे पंढरपूरकडे जातं; पुराच्या दिवसांत उजनी, वीर आणि संगम यांचे क्युसेकचे आकडे लोक जीव मुठीत धरून वाचतात. भीमेच्या मोजणीचं केंद्रीय जल आयोगाचं एक ठाणं नरसिंहपूरला आहेच. अशा रात्री मोजणी यंत्रं, तलाठी, काठावरचे शेतकरी आणि पुण्या-मुंबईला असलेली त्यांची मुलं, सगळ्यांना त्याच तासाभरात बोलायचं असतं. त्यातच वाऱ्याने गेलेली लाईट परत येते आणि स्टार्टर उठतात.

दोघांचं ऐकून माझं मत असं झालं आहे. जे रोजचं आहे, ज्याचं नाव यादीत घालता येतं, त्याला मामांची पाळी द्यावी: पाणीपातळीची यंत्रं, हवामान केंद्रं, मोठ्या पंपांचे निरोप. जे अचानक उठतं त्याच्यासाठी भाचीची मोकळी जागा राखून ठेवावी आणि ती जागा पाळीवाल्यांनी खाऊ नये. आज नेमकं उलटं घडतं. ज्या स्टार्टरला दोन मिनिटं थांबून चाललं असतं तो रुग्णवाहिका बोलावणाऱ्याच्या जोडीला, त्याच ५४ खुणांत घुसतो. टॉवरची क्षमता साध्या दिवसाच्या वर्दळीवर ठरते. जयंतीचा दिवस आणि पुराची रात्र त्या सरासरीत बुडून जातात. हे मला पटत नाही. ज्या गावाच्या तीन बाजूंना पाणी आहे, त्याचा हिशेब त्याच्या सर्वांत वाईट रात्रीवरूनच मांडला पाहिजे.

यातलं बरंचसं कंपन्यांच्या आणि मानकं ठरवणाऱ्यांच्या हातात आहे, पण सगळं नाही. नवा मोबाईल स्टार्टर घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारा: लाईट आल्यावर हा लगेच निरोप पाठवतो, की काही सेकंद ते काही मिनिटं स्वतःहून वेगवेगळं थांबतो? थांबणारा मिळत असेल तर तोच घ्या. ग्रामपंचायतीने यात्रेच्या महिनाभर आधी तात्पुरत्या टॉवरची लेखी मागणी करावी, तोंडी नको. आणि घाटावर फोन लागला नाही तर सारखा डायल करू नका. भेटायची जागा लिहून एक एसएमएस पाठवा आणि मिनिटभर थांबा. तेवढ्या वेळात शेजारच्याचा फोन लागेल.